आयतं ताट

मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला की माझ्या पोटात गोळा यायचा. भुकेचा नव्हे, भीतीचा. बाकीच्या बायका लुगड्यावरचा कापूस झटकत, एकमेकींना चिमटे काढत फाटकाबाहेर पडायच्या, आणि मी मनातल्या मनात डाळ शिजवत चालायचे. चुलीतली पऱ्हाटी, कापसाच्या त्या काटक्या, सुकी असेल का, की आज पुन्हा धूर? भाजी निवडलेली आहे, पण तिखट संपलंय. धनी सहाला येतील, दारात चप्पल काढायच्या आधी चुलीकडे बघतील. सासूबाई बोलणार नाहीत, पण भांड्यावरचं झाकण उचलून पुन्हा ठेवतील. त्या आवाजाची मला फार भीती होती.

मी कोकणातली. मामा रेल्वेत होते, त्यांची बदली पुलगावला झाली आणि त्यांनीच माझं स्थळ इथे जमवलं. मामा पुढे बदलून गेले, मी राहिले. समुद्राकाठची पोर, तिला पऱ्हाटीच्या धुरात आणि एप्रिलच्या उन्हात आणून बसवलं. तरी मी तक्रार केली नाही. घर मिळालं, माणूस दारू पीत नव्हता, सासूने हात उगारला नाही. एवढ्यावर मी देवापुढे रोज हात जोडायचे. उपकार मानायची मला लहानपणापासूनची सवय. कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला तरी माझा जीव गलबलायचा.

माझी शाळा तिसरीत सुटली. आई बाळंतपणातून उठेना. "चार दिवस घरी ऱ्हा गो, भात तेवढा लाव," म्हणाली. ते चार दिवस संपलेच नाहीत. पाटी घरातच होती, पुढे तिच्यावर मीठ वाळवायला लागले.

म्हणून मिलमध्ये बायकांची भरती निघाली आणि धनी म्हणाले, "जातं का तू? मिलिट्रीच्या डेपोतल्या मजुरीत भागून नाई राह्यलं," तेव्हा मी एकच अट घातली. आयुष्यात घातलेली पहिली अट ती. "मी जाईन. पण माझ्या कामापायी पोरगी चुलीपाशी बसणार नाही. तिची शाळा सुटायची नाही." मुलगी तेव्हा दुसरीत होती, उंबऱ्यावर बसून चिंचोके फोडत होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाई सुटणार. घे, तिच्या डोक्शावर हात ठेवून सांगून राह्यलो. बस?" बस, म्हणजे मला तेवढंच पाहिजे होतं.

मग मी दिवसभर वाईंडिंग खात्यात सुताच्या कांड्या भरायला लागले आणि संध्याकाळचं जेवण हा माझ्या आयुष्यातला मोठा प्रश्न झाला. कामावर जाणाऱ्या बाईचं रांधणं वेगळं असतं. ते चुलीवर कमी आणि डोक्यात जास्त होतं. भाजी आदल्या दिवशी निवडून ओल्या फडक्यात. तुरीची डाळ पहाटे भिजत. निघताना ती मडक्यात घालून निखाऱ्यांवर ठेवायची, भोवती राख ओढायची, झाकणावर पाण्याची वाटी. संध्याकाळपर्यंत डाळ आपोआप लोण्यासारखी होते, फक्त मधे कोणी झाकण काढायचं नाही. बाजाराच्या दिवशी ज्वारीच्या कण्या, कारण त्या रटरटतात आणि माणूस तोवर दुसरं काम करतं. एरवी पिठलं, नाहीतर अंबाडीच्या भाजीला बेसन लावून आळण. तोंडी लावायला जवसाची चटणी वाटून ठेवलेली.

सासूबाईंना यातलं काही पटायचं नाही. "कण्या तं दुष्काळात खातेत माय," त्या म्हणायच्या. किंवा, "डाळीवर राख घालून जाते. डाळ शिजवून राह्यली का पुरून राह्यली?" मी हसायचे. हसून वेळ निभावते, हे मला लवकर कळलं होतं.

पण खरा वेळ खायची ती भाकरी. आमच्या कोकणात तांदळाची भाकरी, तिला उकड काढावी लागते. पाणी उकळायचं, त्यात पीठ घालून झाकायचं, मग गरम गरमच मळायचं. बोटं पोळतात, पण भाकरी दुसऱ्या दिवशीसुद्धा मऊ राहते. इथे ज्वारी आली, तरी माझा हात तोच राहिला. ज्वारीचीसुद्धा मी उकडच काढायचे. सासूबाई गार पाण्यात पीठ भिजवून फटाफट थापणाऱ्या. माझी परात बघून शेजारणीला ऐकवायच्या, "आमची कोकणीन पाह्यली काय? पीठ आधी शिजवते अन् मंग भाजते. एकाच भाकरीले दोनदा मारते." शेजारीण पदर तोंडाला लावायची. मुलगी मात्र माझ्या मांडीशी बसून बघायची. कधी मी चिमूटभर उकड तिच्या हातावर ठेवायचे, ती फुंकर घालत वळायची. खेळ म्हणून. तेवढंच.

मुलगी चौथीत होती, त्या दिवाळीनंतर सासूबाईंना ताप आला. बराच चालला. मला रजा मिळण्यासारखी नव्हती, मी चुलीपाशी जास्त पहाटे उठायला लागले एवढंच. ताप उतरल्यावर एका संध्याकाळी मी गल्लीत शिरले तर आमच्या छपरातून धूर. मी पावलं उचलली, काय झालं म्हणून. आत गेले तर वरण उकळतंय, भाजी उतरलेली, भाकऱ्या टोपलीत. सासूबाई चुलीपुढे पाट घेऊन बसलेल्या. मुलगी कोपऱ्यात.

"तुम्ही केलंत, आत्याबाई? अंगात ताकद नाही आणि..."

"जमलं म्हून केलं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही केलेलं. तिसऱ्याही. मग रोजच. मी हातपाय धुऊन आयत्या ताटावर बसायला लागले. खोटं कशाला सांगू, असं सुख मला माहेरीही नव्हतं. भोंगा झाला की पोटात गोळा येईना. मी बायकांबरोबर रमतगमत यायला लागले, त्यांच्या थट्टेत एखादा शब्द टाकायला लागले. घरी आल्यावर पोरीला जवळ घेऊन विचारायचे, "आज काय शिकवलं?" ती नद्यांची नावं धडाधड म्हणून दाखवायची, नाहीतर पाढे. मला तिसरीच्या पुढचं काय कळतंय? मी ऐकत राहायचे, जसं कोणी गाणं ऐकावं.

उपकार फेडल्याशिवाय मला राहवत नाही. बाजारातून सासूबाईंसाठी चांगली सुपारी आणायला लागले. जेवणं झाली की त्यांच्या पायांना तेल लावून द्यायचे. त्या पाय थोडे आखडून घ्यायच्या. मला वाटायचं, संकोच. ताटावर बसले की मी रोज म्हणायचे, "आत्याबाई, तुमच्यामुळे मला घर कळलं." धनी मान खाली घालून जेवायचे. ते नेहमीच तसे जेवतात.

एके दिवशी मी भाकरी मोडली आणि थांबले. कड तडकली नाही. आत दोन पापुद्रे सुटले, मऊ, ओलसर. जिभेवर ठेवायची गरजच नव्हती, बोटांनाच कळलं. उकडीची होती.

"आत्याबाई, उकड काढलीत?"

सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. "तुले आवडते म्हून," म्हणाल्या.

मला रडू आलं. ताटात पाणी पडलं. इतकी वर्षं जिची चेष्टा केली ती माझी रीत ही म्हातारी बाई बोटं पोळवून शिकली, माझ्यासाठी, हे माझ्या मनात मावेना. समुद्र सोडून इतक्या लांब आले, पण कोणीतरी मला आपलं म्हटलं. धनी खोकले. मुलगी पाणी वाढत होती, तिने तांब्या इतका वाकवला की पेला भरून वाहिला. "अवं, ध्यान कुठं हाये?" सासूबाई तिच्यावर खेकसल्या. मी म्हटलं, असू दे, पोर दमलीय शाळेतून येऊन.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट मी सगळ्या खात्याला सांगितली. शेजारच्या यंत्रावर एक बाई होती, जिभेची तिखट, हाताची हलकी. तुटलेल्या सुताला तिच्याइतकी झटपट गाठ कोणाची पडायची नाही. आदल्या वर्षी ती घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, आणि परत आल्याबरोबर दोन्ही पोरींना शाळेत घातलं होतं. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"उकड? तुह्या सासूनं?"

"माणूस बदलतं गं."

"बदलते नं. पण सासू बदलाले आधी सून मरा लागते. तू तं जित्ती दिसून राह्यली मले."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आता मला हसायला भीती नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली. हसत नव्हती. फडक्याची गाठ सोडत सोडत म्हणाली, "एक इचारू काय? रागावजो नोको. तुही पोरगी बिमार हाये काय?"

"नाही तर. का गं?"

"माही लहानी तिच्याच वर्गात हाये. थे सांगून राह्यली का तुही पोरगी दिवाळीपासून आलीच नाई म्हून."

"चुकत असेल तुझी पोर."

"चुकत असन," ती म्हणाली. फडकं मांडीवर पसरलं. मग म्हणाली, "पण तुह्या पोरीच्या जागेवर म्हणे आता दुसरी पोरगी बसते."

पोरं हजेरीत चुकतील, तारखेत चुकतील. जागेत चुकत नाहीत. मी भाकरीचा तुकडा फडक्यात पुन्हा गुंडाळला. तो मऊ होता. कोणाच्या हातचा होता, ते आता मला सांगायला नको होतं. त्या घरात उकड काढणारी मी एक, आणि माझ्या मांडीशी बसून फुंकर घालणारी एक. तिसरं कोणी नव्हतं. हे मला आदल्या दिवशीच दिसायला हवं होतं, पण समोर सुख वाढलेलं असलं की माणूस ताटाखाली बघत नाही.

खात्याच्या मुकादमाला, जॉबरला, पोटात दुखतंय सांगितलं. खोटं नव्हतंच ते.

उन्हं कलायच्या आत मी दारात होते. दार लोटलेलं. मुलगी परातीपुढे बसली होती, केस वर गुंडाळलेले, गरम पिठातून हात काढून बोटांवर फुंकर घालत होती आणि पुन्हा मळत होती. मोठ्या बाईसारखी, मनगटावर भार देऊन. सासूबाई बाजेवर सुपारी कातरत होत्या, मी आणलेली. पोरीच्या दप्तराची पिशवी खुंटीला टांगलेली होती. तिच्यातून लसणाच्या पाती बाहेर आल्या होत्या.

"आई, तू आज लवकर?" पोर पिठाच्या हाताने उभी राहिली.

सासूबाईंनी अडकित्ता बाजूला ठेवला. "घे. आज ना उद्या समजनारच होतं."

"कधीपासून?"

"मले ताप आला तवापासून. चार दिवस म्हून ठेवली होती."

चार दिवस. मी भिंतीला हात टेकला.

"ताप उतरला तुमचा, आत्याबाई."

"उतरला. मंग तू रोज येऊन म्हणत जाय, तुमच्यामुळं घर समजलं, तुमच्यामुळं असं न् तसं. पोट्टीचं तोंड फुलून जाय आयकून. कसं सांगावं मंग मानसानं?"

"मी तुमच्या पायांना तेल लावत होते."

"लाव म्हनलं होतं काय म्या?"

नव्हत्या म्हणाल्या. खरंच होतं ते. नको, असंही म्हणाल्या नव्हत्या. खोटं बोलल्या याचा राग पुढे पुढे निवला. घरात कोण खोटं बोलत नाही? पण माझे आभार त्यांनी रोज आपल्या पानात वाढून घेतले, पोरीच्या देखत, आणि पचवले. ते मला अजून पचलेलं नाही.

मी पोरीकडे वळले. "आणि तू? रोज नद्यांची नावं म्हणायचीस मला?"

"ते मागच्या वर्षीचं होतं," ती म्हणाली. पिठाचे हात अंगापासून लांब धरले होते, परकर खराब होऊ नये म्हणून.

"मला का सांगितलं नाहीस?"

"बाबा म्हणाले, आईले नोको सांगू, तिच्या डोक्शाले ताप होते." मग खाली बघून, "अन् तू जेवताना हासे ना. आधी नाई हासे तू."

तिला मारावं की पोटाशी धरावं कळेना. मी खुंटीवरून पिशवी काढली, लसूण जमिनीवर ओतला, पिशवी उलटी करून झटकली. आतून लसणाची सालं पडली आणि एक पेन्सिलचा तुकडा.

धनी सहाला आले. घरातली शांतता बघून त्यांना कळलं असावं, कारण पाय धुवायला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त पाणी घेतलं.

"तिच्या डोक्यावर हात ठेवला होतात," मी म्हणाले.

"ठेवला होता. तवा मले काय माहीत होतं का बुढी बिमार पडन म्हून?"

"त्या बऱ्या झाल्या."

"झाली नं. पण घर चांगलं चालून राह्यलं होतं. गरम जेवन, भांडन नाई, तंटा नाई. तूच म्हणत होती. आता सांग, कोनाचं वाईट झालं?" ते रागावले नव्हते, तेच वाईट. समजूत घालायच्या सुरात बोलत होते. "अन् पोरगी शिकून काय बालिस्टर होनार हाये? भाकऱ्याच थापनार. तू तिसरी शिकली, थापतेच ना?"

"तिसरीतून काढली म्हणून थापते."

त्यांना मी कधी उलट बोलले नव्हते. सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, "घ्या! मिलमधी जाऊन जबान फुटली."

त्या संध्याकाळी मी जेवणार नव्हते. मग जेवले. दिवसभर पोटात काही नव्हतं, आणि पोरीने केलं होतं. भाकरी फार चांगली होती. माझ्यापेक्षा पातळ, काठ सारखे. इतका हात बसायला किती भाकऱ्या थापाव्या लागतात, हे मला माहीत आहे, आणि दर घासाला मी तोच हिशेब करत होते. नवऱ्याने शब्द मोडला तो काही एका दिवशी नव्हे. रोज सहाला येऊन, हात धुऊन, माझ्या शेजारी बसून मोडला.

सकाळी मी मिलचा भोंगा कानावर घेतला आणि उलट्या दिशेने निघाले, पोरीचा हात धरून. तिचा हात ढिला होता. शाळेत गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "आम्हाला वाटलं लग्नबिग्न जमवलं असेल. मुली जातात त्या बहुतेक तशाच जातात." मी म्हणाले, नाही, लग्न नाही, घरचं काम होतं. ते सांगताना घरच्यांवर झाकण मीच ठेवलं. सवय.

गुरुजींनी तिला वाचायला दिलं. ती अडखळत वाचत होती, एका ओळीवर तीनदा. बरोबर वाचतेय की चूक, मला कळत नव्हतं. मी गुरुजींच्या तोंडाकडे बघत होते, वैद्याच्या तोंडाकडे बघतात तशी. त्यांनी पुस्तक मिटलं. "यंदाची परीक्षा काही निघायची नाही. बसू दे वर्गात. चौथी मात्र पुन्हा काढावी लागेल."

वर्ष गेलं. पण दार बंद झालं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडले. ते संकोचून मागे सरले, आणि त्यांचं ते सरकणं बघून क्षणभर माझ्या मनात आलं, याही माणसाने काही लपवलं नसेल ना म्हणून. असं होऊन बसलं होतं माझं.

तिची जागा खरंच गेली होती. ती सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसली. मी खिडकीतून बघितलं तर पुढच्या रांगेतली एक बारीक पोर, मिलमधल्या त्या बाईची धाकटी असणार, तोंड तसंच होतं, मागे वळून तिला आपलं पुस्तक दाखवत होती. मग मी मिलकडे निघाले. उशिरा गेल्याबद्दल जॉबरचं ऐकून घेतलं. शेजारच्या बाईने काही विचारलं नाही. माझं तुटलेलं सूत तिने दोनदा आपणच जोडून दिलं.

त्या संध्याकाळी घरात चूल थंड होती. मी डाळ-तांदूळ एकत्र करून खिचडी टाकली, वर कच्चं तेल, शेजारी चटणी. "आजपासून हेच," मी म्हणाले. "भाकरी रविवारी. ज्याला रोज पाहिजे त्याने थापावी." मला वाटलं घर अंगावर येईल. धनी जेवले, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सासूबाईंनी दोन घास घेऊन ताट सरकवलं.

पोर दिव्याजवळ बसून, ओळीखाली बोट धरून, पुटपुटत वाचत होती.

"पोरी, पानी आन माय थोडं," सासूबाई बाजेवरून म्हणाल्या. आवाज अगदी साधा. रोजचा.

पोर बोट काढून उठली. अर्धी उठलीही. इतके महिने तिचं अंगच तसं झालं होतं, हाकेला उठणारं.

"बस," मी म्हणाले. "वाच."

ती तशीच अधांतरी राहिली, एकदा आजीकडे, एकदा बापाकडे, मग माझ्याकडे बघत. धनी ताटात बघत होते. मी उठले, माठातून तांब्या भरला आणि सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, माझ्या तोंडाकडे न बघता. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्या मागे पोर खाली बसल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही, ती ओळ शोधत असावी, आणि मग तिचं वाचणं पुन्हा सुरू झालं.